उन्हाळ्याची वही

बंगळूरहून रात्री सुटणाऱ्या बेळगावच्या गाडीत मला दरवेळी लोंढ्याच्या आसपास जाग येते. कुणी उठवत नाही. खिडकीतून येणारी हवा बदलते, तेवढं पुरतं. बाहेर झाडी दाटलेली असते, उजाडायला लागलेलं असतं आणि चहावाला डब्यात चढलेला असतो. मग खानापूर, मग देसूर, आणि देसूर गेलं की लोक बर्थखालच्या बॅगा ओढायला लागतात. या एप्रिलमध्येही तसंच झालं. फरक एवढाच, की यावेळी मी रात्रभर झोपलोच नव्हतो.

माझी सात वर्षांची लेक मात्र गाढ झोपली होती. स्टेशनवर उतरल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "पप्पा, इथे एसी लावलाय का?" बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात दुपारी चटके बसतात हे खरं, पण सकाळी आणि रात्री अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. आमच्या लहानपणी मुंबईची भावंडं सुट्टीला आली की तीही असंच काहीतरी विचारायची.

आमचं घर शहापुरात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आज शहापूर बेळगाव शहरातच मोडतं, पण संस्थानी काळात बेळगाव इंग्रजांकडे आणि शहापूर सांगलीच्या पटवर्धनांकडे होतं. आजोबा गमतीने म्हणायचे, "बाजाराला जायचं म्हणजे आम्हाला परदेशी जावं लागायचं." शहापूर आणि शेजारचं वडगाव हा विणकरांचा भाग. माझ्या लहानपणी दुपारी झोपलं की भिंतीपलीकडून मागाचा खटखट आवाज यायचा आणि त्या तालावर झोप लागायची. आता तो आवाज फार कमी झालाय.

घर जुनं, मंगलोरी कौलांचं. पुढे सोपा, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, आणि त्यामागे परसू. परसात विहीर, एक फणस, दोन नारळ आणि कढीलिंब. घरात कायमची माणसं तीन, चौऱ्याऐंशी वर्षांची आज्जी, थोरले काका आणि काकू. मे महिन्यात हा आकडा एकोणीसवर जातो.

रिक्षा थांबली तेव्हा आज्जी सोप्यावरच बसली होती. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "काय की रे, एवढा वाळलास? बंगळुरात जेवायला मिळत न्हाई काय?"

मी हसलो. आज्जीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय हे माहीत होतं, पण तिला एवढं स्पष्ट दिसायला लागलंय हे माहीत नव्हतं.

आता ती गोष्ट सांगूनच टाकतो. मार्च महिन्यात माझी नोकरी गेली होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पंधरा मिनिटांची मीटिंग झाली, "यात तुमच्या कामाचा काही दोष नाही" हे वाक्य दोनदा ऐकवण्यात आलं आणि संध्याकाळपर्यंत ऑफिसचा ईमेल बंद झाला. बायकोला त्याच रात्री सांगितलं. आई-बाबा आमच्याकडेच राहतात, त्यांना मात्र सांगितलं नाही. घरूनच काम करायची सवय होती, त्यामुळे लपवणं सोपं गेलं. सकाळी नऊला खोलीचं दार लावायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि दिवसभर अर्ज पाठवत बसायचं. आई दुपारी हळूच दार उघडून चहा ठेवून जायची, "मीटिंगमध्ये आहे" म्हणून बोलायची नाही. तो चहा प्यायला फार जड जायचा.

आई-बाबा आठवडाभर आधीच बेळगावला गेले होते. "तुला यंदा एवढी रजा कशी मिळाली?" असं बाबांनी फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "साठलेल्या होत्या."

आमच्या घरातला उन्हाळा हा कामाचा उन्हाळा असतो. सकाळी सातच्या आत गच्चीवर शाबूच्या चकल्या आणि कुरडया घालून व्हायला हव्यात, नंतर ऊन पाय ठेवू देत नाही. काकूंच्या हाताखाली दोन्ही आत्या, आई आणि वहिनी. पोरांचं काम राखणीचं, म्हणजे कावळे हाकलायचे आणि अर्धवट वाळलेल्या चकल्या स्वतःच खायच्या. मग नाचणीची आंबील. दुपारी कच्च्या फणसाची भाजी. फणस चिरायचा मान थोरल्या काकांचा. हाताला आणि विळीला खोबरेल लावून ते परसात गोणपाटावर बसतात आणि आजूबाजूला सल्लागार मंडळ उभं राहतं. संध्याकाळी खानापूर-जांबोटीकडून आलेली करवंदं आणि जांभळं. पूर्वी पानाच्या द्रोणात मिळायची, आता प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळतात, पण जीभ तेवढीच जांभळी होते.

आठ दिवसांत माझ्या लेकीची भाषा बदलली. बंगळुरात ती इंग्रजी बोलते, सोसायटीत कन्नड बोलते आणि मराठी फक्त आमच्याशी, तेही "मला भूक लागली" आणि "मला झोप नाही आली" एवढंच. इथे चुलत भावंडांत पडल्यावर एक दिवस तिने परसातून आरोळी ठोकली, "थांबा की रे, मी पण आलो!" पुण्याची धाकटी आत्या दचकली. "अगं, आले म्हण, आले." पण बेळगावच्या बायका-मुली "मी आलो, मी जातो" असंच बोलतात हे आत्या सासरी गेल्यावर विसरली होती. आज्जीने तिला तिथल्या तिथे झापलं. "चाळीस वर्षांमागं तू पण तसंच बोलत होतीस की. आता पुण्याची झालीस व्हय?"

उलट कन्नडच्या बाबतीत लेक आमची गुरू निघाली. शहापुरात भाजी घेताना आज्जी "एष्टु?" असं विचारून, भाव ऐकून, मराठीत भांडते. भाजीवाली कन्नडमधून उत्तर देते. दोघींचं वर्षानुवर्षं असंच चालू आहे आणि कुणाचंच अडत नाही. लेकीने तिथे उभं राहून सरळ बंगळुरी कन्नडमध्ये गप्पा मारल्या आणि भाजीवालीने खूश होऊन तिला गाजर दिलं. सीमाभागाविषयी बातम्यांतून ऐकणाऱ्यांना वाटतं, इथे रोज दोन भाषा एकमेकींशी झगडतात. प्रश्न आहेच. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासूनचा आहे आणि आमच्या आजोबांच्या पिढीने त्यासाठी बरंच सोसलं. पण रोजच्या भाजीत या दोन भाषा शेजारणींसारख्या नांदतात, हेही तितकंच खरं आहे.

एका सकाळी सगळ्या पोरांना घेऊन किल्ल्यात गेलो. बेळगावचा किल्ला डोंगरावरचा नाही, सपाटीवरचा आहे, भोवती खंदक. दाराशीच गणपती आणि दुर्गेची मंदिरं. आत गेलं की कमल बस्ती हे जैन मंदिर लागतं. रट्ट राजवटीत बिचिराजाने १२०४ साली बांधलेलं. काळ्या दगडाचे गुळगुळीत खांब, आणि मंडपात उभं राहून वर बघितलं की छतातून खाली झुकलेलं दगडी कमळ. पोरं जमिनीवर उताणी झोपून ते बघत राहिली, आणि पंधरा मिनिटं कुणी मोबाईल मागितला नाही. जवळच साफा मशीद आहे. आणि रामकृष्ण मिशनचा आश्रमही. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले होते, तेव्हा किल्ल्यात हरिपद मित्रांच्या घरी राहिले होते. अर्ध्या दिवसात पायी फिरता येईल एवढ्या जागेत एवढं सगळं आहे, आणि आम्ही बेळगावकर तिथे फक्त पाहुणे आले की जातो.

येताना बाजारातून कुंदा घेतला. दूध आणि साखर आटवून होणारा तपकिरी, रवाळ कुंदा सगळ्यांना माहीत असतो. मांडे मात्र अजून जपून ठेवलेल्या पाहुण्यासारखे आहेत. उपड्या कढईवर भाजलेली कागदासारखी पातळ पोळी आणि आत पिठीसाखर. आमच्याकडे लग्नाशिवाय घरी येत नाहीत. यंदा मोठी आत्या कोल्हापूरहून येताना म्हणाली होती, "मी रिटायर झालो, मला मांडे पायजेत," म्हणून काकांनी ते खास सांगून आणले.

बेळगावचा उन्हाळा म्हणजे शिवजयंती. इथे ती परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी होते, आणि त्यानंतर दोनएक दिवसांनी चित्ररथांची मिरवणूक निघते. ही परंपरा शंभराहून जास्त वर्षांची आहे. संध्याकाळी नरगुंदकर भावे चौकातून सुरू झालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर देखावे, आणि देखाव्यातली पात्रं म्हणजे गल्लीतलीच पोरं. अफजलखान झालेला मुलगा दोन प्रसंगांच्या मधे दाढी वर करून सरबत पितो आणि बत्ती लागली की पुन्हा मरतो. मी आठवीत असताना हिरोजी इंदुलकर झालो होतो. एक संवाद होता, तोही विसरलो होतो.

यंदा दादाच्या दहा वर्षांच्या मुलाला आमच्या ओळखीच्या मंडळाने मावळा केलं. पुण्यात वाढलेला हा मुलगा रात्री दीड वाजता ढाल-तलवार घेऊन ट्रॉलीवर ताठ उभा होता. खाली रस्त्याच्या कडेला आमचं अख्खं खानदान चटया टाकून बसलेलं. आज्जीसाठी खुर्ची. तिच्या शेजारी बसून मी मिरवणूक बघत होतो, तेव्हा मोबाईल थरथरला. ज्या एका कंपनीवर माझी खरी आशा होती, तिचं ईमेल. "या वेळी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे." मी मोबाईल खिशात ठेवला. आज्जी म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, ऑफिसचं." ती माझ्याकडे जरा बघत राहिली आणि मग ट्रॉलीकडे बघायला लागली.

आता वहीविषयी.

माझे आजोबा म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत मास्तर होते. १९७१ च्या उन्हाळ्यात त्यांनी लाल कापडी बांधणीची एक वही आणली आणि पहिल्या पानावर नुसतं "उन्हाळा" असं लिहिलं. दर मे महिन्यात, सगळे पांगायच्या आदल्या रात्री, जेवणं झाली की सोप्यावर सगळ्यांनी बसायचं. प्रत्येकाने वर्षभरातली आपली एक बातमी सांगायची आणि आजोबांनी ती वहीत लिहायची. नियम दोनच. बातमी स्वतःची हवी, दुसऱ्याची सांगायची नाही. आणि बातमी लहान आहे म्हणून कुणी हसायचं नाही. त्यामुळे "सुनेला टायफॉइड, आता बरी" आणि "धाकटीला सायकल यायला लागली" या दोन्ही बातम्या एकाखाली एक, सारख्याच अक्षरात आहेत. वह्या तीन झाल्या. आजोबा गेले त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी कुणाचं मनच नव्हतं. नंतरच्या दोन वर्षी सगळ्यांनी आपापल्या बातम्या मोबाईलवरच्या फॅमिली ग्रुपवर टाकल्या, अंगठे आले, फुलं आली, आणि त्या खाली खाली सरकत गेल्या. वहीची पानं कोरीच राहिली.

यंदा आज्जीने ठरवलं, वही परत सुरू करायची. लिहायचं कुणी? पोरांना देवनागरी अडखळत वाचता येते, लिहिता येत नाही. दादा म्हणाला, "माझं अक्षर मलाच लागत नाही." शेवटी आज्जीने माझ्याकडे बोट केलं. "तू लिही. दिवसभर तेच तर करतोस, कॉम्प्युटरवर."

म्हणून एका दुपारी, घर झोपलं असताना, मी माडीवर बसून जुन्या वह्या चाळल्या. आजोबांची पद्धत समजून घ्यावी म्हणून. १९८९ मध्ये "धाकट्याला मुलगा. रंग सावळा, आवाज मोठा." तो मी. त्याआधी दोन पानं, १९८७. तिथे थोरल्या काकांच्या नावापुढे लिहिलं होतं: "फाउंड्री बंद पडली. जानेवारीपासून काम नाही. आज सांगितले. सांगितले ते बरे झाले." आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीत: "फणस अकरा उतरले. दोन बरके."

मी ते पान बराच वेळ उघडं ठेवून बसलो. काकांची फाउंड्री बंद पडली होती हे मला पस्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी काका म्हणजे उद्यमबागेत स्वतःचं लेथ मशीन चालवणारे, बोटांना ग्रीस लागलेले, कधीच न थकणारे काका.

दुसऱ्या दिवशी काका, मी आणि पोरं राजहंसगडाला गेलो. येळ्ळूर गावाजवळचा हा गड, म्हणून याला येळ्ळूरचा किल्लाही म्हणतात. गाडीरस्ता वरपर्यंत जातो. वर सिद्धेश्वराचं मंदिर आहे आणि २०२३ पासून शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा. तटावर उभं राहिलं की एका बाजूला बेळगाव शहर पसरलेलं आणि खाली येळ्ळूर शिवारातली भाताची खाचरं, मे महिन्यात कोरडी, पावसाची वाट बघणारी. येळ्ळूरचा बासमती याच शिवारातला. आमच्या घरी सणाला भात शिजला की गल्लीला वास कळायचा.

पोरं तटावर पळत होती. मी काकांना विचारलं, "१९८७ ला तुम्ही फाउंड्रीत होता ना?"

काका जरा थांबले. "वही वाचलास वाटतं."

मग त्यांनी सांगितलं. जानेवारीत फाउंड्रीला कुलूप लागलं. लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. घरी सांगायचा धीर झाला नाही. रोज सकाळी काकू डबा भरून द्यायच्या, काका सायकल काढायचे आणि टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपाशी जाऊन बसायचे. ही विहीर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, तेही आपल्या बेळगावात. "तिथं बसून बसून मला त्या विहिरीचे दगड पाठ झाले होते," काका म्हणाले. "दुपारी डबा खायचा, संध्याकाळपर्यंत कारखाने पालथे घालायचे, आणि वेळेत घरी यायचं. चार महिने. खरं सांगतो, काम नव्हतं त्याचा त्रास एवढा नव्हता. डबा उघडायचा त्रास जास्त. तिने सकाळी उठून केलेला."

मला आईचा चहा आठवला.

"मग सांगितलंत कसं?"

"बातम्यांची रात्र आली. दुसऱ्याची सांगायची न्हाई, स्वतःची पायजे. खोटी बातमी तोंडात आलती, खरं वडिलांच्या हातात पेन होतं. ते लिहून ठेवणार, मग ते कायमचं झालं. नाही जमलं."

तेवढ्यात पश्चिमेकडून काळं आलं. बेळगावचा वळीव सांगून येत नाही. "पाऊस यायलाय!" असं कुणीतरी ओरडलं आणि आम्ही गाडीपर्यंत पोचेतो टपोरे थेंब सुरू झाले. मग गारा. पोरं हात बाहेर काढून गारा गोळा करत होती, मातीचा वास सुटला होता आणि काकांनी मला काहीही विचारलं नाही. उतरताना एवढंच म्हणाले, "परवा रात्री आहे बघ आपली वही."

बातम्यांच्या रात्री सोप्यावर जागा पुरेना. दारात चपलांचा ढीग. मी वही मांडीवर घेऊन बसलो, पेन नवीन आणलेलं. वयाप्रमाणे सुरुवात आज्जीपासून. तिची बातमी: "ऑपरेशन झालं. आता सुईत दोरा माझा मी ओवतो." टाळ्या. थोरल्या काकांनी सांगितलं, लेथ मशीन विकलं, यंदापासून कारखाना बंद. हे काकूंना माहीत होतं, बाकीच्यांना नव्हतं. मोठी आत्या रिटायर झाली. धाकटी आत्या छप्पन्नाव्या वर्षी स्कूटर शिकली, एकदा पडली, तेही लिहायला लावलं. वहिनीने धाकट्याच्या उष्टावणाची तारीख सांगितली. खानापूरच्या ताईच्या मुलीचा दहावीचा निकाल त्याच आठवड्यात लागला होता, सत्त्याऐंशी टक्के. "अजून पाच मिळायला हवे होते," असं तिचे वडील म्हणाले, तर आज्जी म्हणाली, "तुझी बातमी न्हाई ती. गप बस." जर्मनीतली चुलत बहीण फोनच्या पडद्यावरून सामील झाली. तिने घर बदललं होतं आणि नव्या घराच्या बाल्कनीत कढीलिंब लावला होता.

मी लिहीत होतो. जोडाक्षरं विसरलो होतो. "उष्टावण" लिहिताना दोनदा खोडलं. शेवटी सगळ्यांचं झालं आणि मी वही मिटायला लागलो.

लेक म्हणाली, "पप्पा, तुमची राहिली."

सगळे माझ्याकडे बघत होते. बायको शनिवार-रविवारसाठी आली होती, ती जमिनीकडे बघत होती. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता नीट आठवत नाही. मार्चपासून नोकरी नाही, घरात बसून कामाचं नाटक करत होतो, सतरा ठिकाणी अर्ज केले, चार मुलाखती झाल्या, परवाच एक नकार आला.

थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज. बाबा उठले आणि परसाकडे गेले. आईने डोळ्याला पदर लावला. मग आज्जी म्हणाली, "लिहिलास काय?"

"काय?"

"वहीत. लिही की. सगळ्यांचं लिहिलास, तुझं न्हाई?"

मी लिहिलं. माझ्या नावापुढे. "मार्चपासून नोकरी नाही. आज सांगितले." त्यापुढचं वाक्य काही सुचलं नाही, म्हणून तिथेच थांबलो. खाली लेकीने तिच्या हाताने लिहायचा हट्ट धरला. तिने लिहिलं, "मी विहिरीतून पानी काढलो." काकूंनी "पाणी" दुरुस्त करायला पेन घेतलं, पण "काढलो" तसंच ठेवलं.

बाबांशी त्या रात्री बोलणं झालं नाही. सकाळी ते न्हाणीत बंब पेटवत होते. मी गेलो, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आम्ही दोघं घरात असून तू एकटा दार लावून बसत होतास. ते लागलं मला. नोकरीचं काही नाही." मग गरम पाण्याची बादली माझ्याकडे सरकवली. "जा, अंघोळ कर. गाडी चुकेल."

हे लिहीत असताना जून संपत आलाय. मुलाखती चालू आहेत. एका ठिकाणी तीन महिन्यांचं काम मिळालंय, पगार आधीपेक्षा कमी आहे. दार उघडं ठेवून काम करतो. आई चहा घेऊन येते, बसते आणि कुणाशी बोलत होतास ते विचारते. त्यामुळे काम थोडं कमी होतं. काकांना रोज दुपारी फोन करतो. लेथ विकल्यापासून त्यांना दुपार जात नाही, हे मला आता कळलंय.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची घरं अशीच पांगलेली आहेत. कुणाचं मूळ घर इंदूरला, कुणाचं बडोद्याला, कुणाचं हैदराबादला, आणि नोकऱ्या भलतीकडेच. फोनवरच्या ग्रुपवर आपण फोटो टाकतो ते निकालाचे, वाढदिवसाचे, नव्या गाडीचे. त्यात वाईट काही नाही. पण जमलं तर एखादी वही घ्या. दोनच नियम ठेवा. आणि बेळगावला आलात तर मे महिन्यात या, दुपारनंतर छत्री जवळ असू द्या, आणि शहापुरात फणसाचा वास आला तर ते घर बहुतेक आमचंच. यंदा नऊ उतरले. एक बरका.